सव्वीस इंचांवरचं टेबल

१

“आधी बसायला खुर्ची दे, ओलेटा. कुठे दुखतंय ते मग विचार. उभा माणूस खरं सांगत नाही. त्याला निघायची घाई असते.”

डॉक्टर सायक्स हे मला पंचेचाळीस वर्षांपूर्वी म्हणाले होते, त्यांच्या दवाखान्यातल्या माझ्या पहिल्याच सकाळी. त्यांना जाऊनही आता तीस वर्षं होतील. पण त्या शुक्रवारी व्होंडा स्कॅग्ज दारात रडत उभी राहिली, तेव्हा त्यांचाच आवाज कानात आला आणि मी आधी खुर्ची ओढली.

त्याआधी घरी काय झालं ते सांगते. सकाळी उठून बायबलमधलं एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं आणि ते संपेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही, हा माझा नेम आहे. त्या दिवशीचं स्तोत्र लांब होतं. फोन सात वेळा वाजला. आठव्या वेळी उचलला, तर डीन लिंडक्विस्ट.

“डॉ. मॅबरी, फाइल गेली.”

“कुठे गेली?”

“ते ठाऊक असतं तर सात वेळा फोन केला असता का मी?”

मी चहा तसाच ठेवून निघाले.

आमच्या डोंगरातल्या कार्व्हर रिज युनिव्हर्सिटीत नवं ऑस्टिओपथीचं मेडिकल कॉलेज उघडायचं चाललं होतं. आम्ही ऑस्टिओपथीवाले इतर डॉक्टरांसारखीच औषधं देतो, टाके घालतो, बाळंतपणं करतो; शिवाय पाठ, मान, सांधे हातांनी तपासतो आणि हातांनी बरे करतो. कॉलेजला जागा मिळाली ती गावातल्या बंद पडलेल्या मोठ्या दुकानाची. पूर्वी जिथे बायकांचे कोट टांगलेले असायचे, तिथे आता उपचाराची चोवीस टेबलं मांडली होती.

सोमवारी तपासणी समिती यायची होती. तिला एकच गोष्ट कागदावर हवी होती: साठ विद्यार्थी शेवटच्या दोन वर्षांत शिकायला जाणार कोणाकडे? इथे मोठं हॉस्पिटल एकच, आणि तेही पुरेसं नाही. म्हणून खोऱ्याखोऱ्यांतल्या डॉक्टरांकडून हमीपत्रं घ्यायची होती, की मी इतके विद्यार्थी माझ्या दवाखान्यात शिकवीन. ते काम माझ्याकडे आलं. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत माझ्या जुन्या पिकअपमधून दारोदार फिरले. तेवीस डॉक्टर, तेवीस सह्या, त्रेसष्ट जागा. शेवटचं पत्र गुरुवारी दुपारी मिळालं. त्याआधी व्होंडा दहा वेळा म्हणाली होती, येतील तशा प्रती काढून ठेवू. मी म्हटलं, नको, सगळी एकदम देईन. तो हट्ट माझा होता, हे इथेच कबूल करते.

आणि माझी घाईही माझीच होती. टेंपल क्रीकच्या खोऱ्यात डॉक्टर दोनच, वरच्या अंगाला हर्शेल टॅकेट आणि खालच्या अंगाला मी. तो चौऱ्याहत्तर वर्षांचा, मी एकाहत्तर. नाताळात दवाखाना बंद करणार, असं मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. थकले होते. फक्त किल्ली कोणाच्या तरी हातात द्यायची होती, आणि ते हात याच इमारतीतून यायचे होते. कॉलेज उघडलं नाही, तर खोऱ्यातल्या माणसाला ताप आला तरी सत्तर मैल गाडी हाकावी लागणार.

त्या शुक्रवारी मी कॉलेजवर पोचले तेव्हा व्होंडा दारात होती; ती खुर्चीत बसली. टेबलांच्या त्या हॉलची सगळी व्यवस्था तिच्याकडे, किल्ल्या तिच्याकडे. म्हणजे सकाळपर्यंत होत्या.

“डीनसाहेबांनी काढून घेतल्या,” ती म्हणाली. “सोमवारपर्यंत फाइल मिळाली नाही तर घरी बस म्हणाले. डॉक्टर ओलेटा, मी अकरा वर्षं या युनिव्हर्सिटीत आहे. एक टाचणी हरवली नाही माझ्याकडून.”

“मला माहीत आहे, बाई. काल दुपारपासून सांग.”

तिने नाक पुसलं. “सांगते. पण आधी एक बघा. माझी रांग मोडलीय.”

“कसली रांग?”

“टेबलांची. चोवीसच्या चोवीस मी खाली बसवून गेले होते. आज सकाळी कोपऱ्यातलं एक वर आलेलं आहे.”

२

गुरुवारी दुपारी हॉलमध्ये छोटा समारंभ होता. हमीपत्रं दिलेल्या डॉक्टरांनी यावं, टेबलं बघावी, अक्रोडाचं गोड सारण भरून भाजलेली पाई खावी. पेशंट सोडून येणार किती? सहा जण आले आणि चारच्या आत बहुतेक परत गेले. सगळ्यांसमोर मी ती निळी फाइल शिकवणाऱ्याच्या मेजाच्या खणात ठेवली. खणाला कुलूप नव्हतं. हॉलला होतं.

चारनंतर इमारतीत कोण होतं ते दारावरच्या वहीत स्पष्ट होतं. मी चार दहाला सही करून गेले. नंतर डॉ. यांट आणि हर्शेल टॅकेट, दोघेही साडेचार ते पावणेपाचच्या दरम्यान. मग डीन, मग व्होंडा. हॉलला मागचं दार नाही.

“तू हॉल बंद कधी केलास?” मी विचारलं.

“टेबलं खाली केली की लगेच. सव्वाचारला.”

ती माझ्याकडे न बघता रुमालाची घडी घालत होती. मी काही बोलले नाही. गप्प बसणं मला जमतं. नाहीतरी मोठ्या आवाजात मला कधी बोलता आलं नाही.

“साडेचारला,” ती म्हणाली.

मी गप्पच.

“पावणेपाचला! झालं समाधान? उरलेली अक्रोडाची पाई डीनसाहेबांच्या खोलीत ठेवायला गेले. ते नव्हते. त्यांची ती मऊ खुर्ची आहे ना, तिच्यात जरा टेकले. सकाळी सहापासून उभी होते हो. डोळा लागला.” ती पुन्हा रडायला लागली. “डीनच्या खुर्चीत झोपले होते हे कसं सांगू त्यांना? चोर म्हणाले तरी चालेल, पण हे नको.”

“हॉल उघडा होता?”

“सताड.”

म्हणजे अर्धा तास. मी तिचा हात थोडा वेळ धरून ठेवला आणि मग कोपऱ्यात गेले.

ही टेबलं पायाने वरखाली होतात. खाली पेडल असतं, ते दाबलं की टेबल वर येतं. समिती दारातून आत आली की सगळी एका पातळीत दिसावी म्हणून डीनने ती सर्वांत खाली बसवायला सांगितली होती. तेवीस टेबलं गुडघ्याएवढी होती. चोविसावं त्यांच्यामध्ये एखाद्या शहाण्या मुलासारखं मान वर काढून उभं होतं.

“हात लावला नाही मी,” व्होंडा म्हणाली. “पुरावा असतो तो. टीव्हीवर बघते ना मी.”

“टेप आहे?”

तिच्या एप्रनच्या खिशात होती. जमिनीपासून सव्वीस इंच.

एवढ्यावरून मला एक गोष्ट कळली, आणि ती कळून बरं वाटलं नाही. चोराने फाइल उघडायला या टेबलावर ठेवली असणार. साधा माणूस वाकला असता, नाहीतर मेजावरच उघडली असती. पण आम्हा लोकांना पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात एक सवय लावतात, ती मरेपर्यंत सुटत नाही. टेबलावर हात टेकवण्याआधी टेबल आपल्या मापाला आणायचं. सरळ उभं राहायचं, हात सोडायचे, बोटांची टोकं जिथे येतील तिथे टेबल. डोक्याला विचारावं लागत नाही, पाय आपोआप पेडलवर जातो.

मी टेबलाशी उभी राहून हात सोडले. टेबल माझ्या बोटांच्या दोन इंच वर आलं.

फाइल नेणारा आमच्यातलाच होता. आता तो कोण, एवढंच मोजायचं राहिलं होतं.

३

डीन लिंडक्विस्ट उंच, गोरे आणि कायम शर्टाच्या बाह्या सरसावलेले. त्यांच्या खोलीत भिंतीला लागून पंधरा-वीस खोकी होती, चिकटपट्टीसकट.

“हे माझं तिसरं कॉलेज,” ते म्हणाले. “पहिल्या कॉलेजची खोकी दुसरीकडे उघडली नाहीत, दुसऱ्याची इथे उघडलेली नाहीत. बसा.”

“तुम्ही बसा आधी.”

ते बसले. मी म्हटलं, “काल सव्वाचार ते पावणेपाच तुम्ही खोलीत नव्हता.”

“व्होंडाने सांगितलं?”

“उरलेली पाई ठेवायला आली होती.”

“बाहेर गाडीत होतो. बायकोशी बोलत होतो.” त्यांनी डोळे चोळले. “आणि तुम्हाला कोणीतरी सांगेलच म्हणून मीच सांगतो. मी तिला म्हणालो, हे एक वर्ष पुढे गेलं तर बरं होईल. मोठ्याने म्हणालो असेन. काच उघडी होती.”

“खरंच वाटतं तसं?”

“डॉ. मॅबरी, मी दोन वर्षांत नऊ दिवस सुट्टी घेतलीय. वाटतं. पण वाटणं वेगळं आणि फाइल पळवणं वेगळं. सोमवारी मला समितीपुढे उभं राहून सांगायचंय की त्रेसष्ट जागा होत्या, पण कागद नाहीत. ती माणसं चहा पितील, मान हलवतील आणि निघून जातील. मग पुढचं वर्ष नाही, पुढचं काहीच नाही. आणि शेरीफला कळवावं लागेल ते वेगळंच.”

“हॉलमध्ये चला माझ्याबरोबर. एक मिनिट.”

“कशाला?”

“सरळ उभं राहायला.”

ते आले. कुरकुरत उभे राहिले, हात सोडले. कोपऱ्यातलं टेबल त्यांच्या बोटांच्या चांगलं दोन इंच खाली राहिलं. आणि मजा म्हणजे, उभे राहिल्याबरोबर त्यांचा उजवा पाय पेडलकडे सरकला. मी खांद्याला हात लावून थांबवलं.

“काय झालं?” ते म्हणाले.

“काही नाही. तुम्ही नाही एवढं कळलं.”

डॉ. प्रेस्टन यांट हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये सापडले. ते सर्जन, ऑस्टिओपथीचे नव्हेत, आणि कॉलेजच्या विरोधात गावच्या प्रत्येक सभेत बोललेले. गुरुवारी समारंभाला आले होते ते फुकटची पाई खायला, असं स्वतःच सांगत होते.

“या, ओलेटाबाई. मला पकडायला आलात ना? हातकड्या आणल्यात, की नुसती मान मोडणार?”

“मान आम्ही मोडत नाही, प्रेस्टन. तुम्ही कापता.”

ते हसले आणि मऊ पावासारख्या गरम बिस्किटावर पांढरी ग्रेव्ही ओतून घेतली. “मी चोरी केली असती तर ती टेबलं नेली असती. चांगली आहेत. फाइल नेऊन काय करू? चाळली होती मी काल, नाही म्हणत नाही. तुमच्या तेवीस डॉक्टरांची वयं मनात मोजत होतो. बाई, त्यातले अर्धे चार वर्षं टिकतील का? तुम्ही कॉलेजला हमी दिलीत, देवाकडून घेतलीत का?”

ते बोलणं लागलं. “ऑपरेशनचं टेबल तुम्ही कुठे घेता?” एवढंच विचारलं.

“म्हणजे?”

“किती उंच?”

त्यांनी काटा न सोडता कोपर टेबलावर टेकवलं. “कोपराला. सगळे सर्जन कोपराला घेतात. का?”

म्हणजे यांटांनी सवयीने पेडल दाबलं असतं, तर ते टेबल वरपर्यंत गेलं असतं. सव्वीस इंचांवर कोपर टेकवायला त्यांना गुडघ्यांवर बसावं लागलं असतं.

मी उठले तेव्हा ते म्हणाले, “आणि एक तक्रार आहे. पुढच्या समारंभाला खुर्च्या ठेवा. म्हातारी माणसं ताटकळत होती. टॅकेटला मी माझी खुर्ची देत होतो, तर म्हणतो, उभाच बरा आहे. कसले हट्टी आहात तुम्ही लोक!”

४

शनिवारी दुपारी मी हर्शेलच्या दवाखान्यात गेले. बाहेरच्या खोलीत तीन पेशंट होते आणि कोणाचा तरी कुत्रा होता.

हर्शेल आणि मी एका वर्गातले नाही, पण एकाच गुरूचे, डॉक्टर सायक्सांचे. तो सहा फूट दोन इंच. चर्चमध्ये तीस वर्षं मी त्याच्या मागच्या बाकावर बसते, आणि भिंतीवरच्या फळ्यावर आज कुठली गाणी आहेत ते बघायला मला दर रविवारी डावीकडे झुकावं लागतं. त्याचं माप घ्यायची मला गरज नव्हती.

त्रेसष्टपैकी सहा जागा त्याच्या होत्या. इतर कोणी दोन, कोणी तीन विद्यार्थी घेतले. सहा त्याने एकट्याने. एप्रिलमध्ये सही केली होती.

“ओलेटा! तू हल्ली गुप्तहेर झालीस म्हणे,” तो दारातूनच म्हणाला. “यांटने गावभर केलंय.”

“बस जरा. दोन गोष्टी विचारायच्यात.”

“बसलो की पेशंट लांबतात. विचार उभ्या उभ्या.”

मी खुर्ची ओढून दिली. तो दाराच्या चौकटीला हात टेकवून उभाच राहिला.

“गुरुवारी शेवटी कोण निघालं, तू की यांट?”

“यांट आधी. मी कप धूत होतो.”

“हॉलमध्ये कोणी गेलेलं दिसलं?”

“मी कपाकडे बघत होतो, बाई. ती व्होंडा कशी आहे?”

“रडते आहे. किल्ल्या काढून घेतल्या तिच्या. सोमवारी घरी पाठवणार.”

कुत्रा उठून त्याच्या बुटाशी येऊन बसला. “तिने काय केलंय?” तो म्हणाला. “वाईट झालं.” आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी येऊन मी कागदावर मापं लिहिली. मी चोवीस इंच. डीन अठ्ठावीस. हर्शेलही डीनएवढाच, म्हणजे तोही अठ्ठावीस. यांट कोपरवाला. व्होंडाला पेडलची सवयच नाही. ती एक तर टेबल पूर्ण खाली करते, नाहीतर पूर्ण वर. सव्वीस इंचाला हवा होता साधारण पाच फूट आठ इंचांचा ऑस्टिओपथीचा डॉक्टर.

वहीप्रमाणे त्या अर्ध्या तासात तसा माणूस इमारतीत नव्हताच.

५

रविवारी चर्चमध्ये गेले तेव्हा मन थाऱ्यावर नव्हतं. आदल्या सबंध दिवसात फाइलीचा माग नव्हता, आणि प्रार्थनेच्या वेळी माणसांची उंची मोजत बसणं बरं नव्हे, म्हणून मी डोळे मिटून घेतले होते. पहिल्या गाण्यासाठी सगळे उठले. मी डोळे उघडले, फळ्यावरचा आकडा वाचला, पुस्तक उघडलं आणि गायला लागले.

दुसऱ्या ओळीला माझा आवाज बंद पडला.

मी झुकले नव्हते.

हर्शेल माझ्यासमोर उभा होता, नेहमीच्या जागी, नेहमीच्या तपकिरी कोटात. त्याच्या डोक्यावरून मला फळा दिसत होता. तिन्ही आकडे, वरपासून खालपर्यंत. आणि मग आठवलं की गेल्या रविवारीही दिसला होता. त्याच्या आदल्याही. उन्हाळा संपल्यापासून मी न झुकता आकडे वाचत होते आणि एकदाही मनात आलं नाही, का?

मी त्याच्या पाठीकडे पाहिलं. डॉक्टर म्हणून पाहिलं, बहुतेक वर्षभरात पहिल्यांदा. खांदे पुढे पडलेले. मधोमध कणा बाहेर आलेला, कोटाच्या आतूनही कळत होता. कोट पुढून लोंबत होता, पँट बुटांवर गोळा झाली होती. खाली सोडलेला हात मांडीवर जिथे पोचायला हवा त्याच्या दोन इंच खाली पोचत होता. दुसऱ्या हातात गाण्यांचं पुस्तक होतं आणि पान उलटायला त्याला जमत नव्हतं. शेजारच्या बाईने उलटून दिलं.

परमेश्वरा, आठ महिने मी माणसांच्या सह्या बघत फिरले, माणूस बघितलाच नाही.

चर्च सुटल्यावर पायऱ्यांवर मी त्याला गाठलं.

“हर्शेल, तुझी उंची किती रे?”

“सहा-दोन. का, शवपेटीचं माप घेतेस?”

“सहा-दोन होती.”

त्याने टोपी हातात फिरवली. लोक आमच्या बाजूने उतरत होते, नमस्कार करत होते. त्याने सगळ्यांना नीट उत्तरं दिली. मग हळूच म्हणाला, “घरी चल. फाइल पावाच्या डब्याखाली आहे.”

६

त्याच्या स्वयंपाकघरात तो उभा राहिला आणि मीच बसले.

“मणके खचलेत. तीन,” तो म्हणाला. “खुर्चीत बसलो की उठताना लोकांसमोर दोन्ही हात लागतात, म्हणून बसत नाही. ते चालवून घेतलं असतं. पण ऑगस्टपासून बोटं गेली. सुई टोचली तरी कळत नाही.” त्याने हात माझ्यापुढे धरले. “विद्यार्थी येतील, विचारतील, डॉक्टर, इथे बोटाखाली काय लागतंय? काय सांगू? काहीच लागत नाही म्हणू?”

“मला सांगायचंस ना.”

“कधी? तू आलीस ती पेनाचं टोपण उघडूनच आलीस. नंतर दर आठवड्याला सांगायचीस, हर्शेलच्या सहा जागांवर सगळं उभं आहे. तुझं तोंड बघून जीभ रेटेना. पण खोट्या कागदावर माझं नाव समितीपुढे जाऊ द्यायचं, तेही जमेना. गुरुवारी वाटलं, एवढा एक कागद काढून घेतो. नंतर तुला सांगेन कसंतरी. हॉल उघडा होता. फाइल घेतली, कोपऱ्यात गेलो, आणि पाय पेडलवर कधी गेला मला कळलंही नाही. घरी आल्यावर आठवलं. मग फायलीच्या कड्या उघडेनात. कडी कुठे आहे तेच बोटांना कळेना, ओलेटा. तेवढ्यात व्होंडाची पावलं वाजली. फाइल कोटाखाली घातली आणि निघालो. शुक्रवारी डीन चोरी चोरी म्हणून ओरडत होता. काल तू सांगितलंस, तिच्या किल्ल्या गेल्या. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.”

मी फाइल उघडली. त्याचं पत्र सातवं होतं. खाली एप्रिलमधली सही, ठसठशीत. ते पत्र बाहेर काढलं, तर राहिल्या सत्तावन्न जागा. तीन कमी.

“झालं मग,” मी म्हटलं. “समिती परत जाईल.”

“तेवीस जणांच्या सह्या घेतल्यास तू,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. “तुझी कुठे आहे?”

“मी नाताळात बंद करतेय. तुला माहीत आहे.”

“मीही बंद करणार होतो, दोन वर्षांपूर्वी. तूच म्हणालीस, अजून थोडं ओढ. एल्रॉय डॉक्टरला तेच म्हणालीस. पाइन नॉबच्या त्या डॉक्टरीणबाईला तेच म्हणालीस, तिचे गुडघे काय झालेत बघितलेस? आम्हा सगळ्यांना जुंपलंस, आणि तू एकटी सुटलीस.”

मला राग आला. खरं ते लिहिते: खूप राग आला. मी फाइल मिटली, उठले, दारापर्यंत गेले. अंगणात त्याच्या अक्रोडाच्या झाडाखाली फळं सडून पडली होती. दर वर्षी तो ती गोळा करायचा. यंदा कोणी वाकलं नव्हतं.

मी परत आले. “साधा कागद आहे घरात?”

“खणात.”

मी लिहिलं. डॉ. ओलेटा मॅबरी, टेंपल क्रीक, विद्यार्थी सहा. नवं कॉलेज उघडून पहिले विद्यार्थी दवाखान्यांपर्यंत पोचतील तेव्हा मी चौऱ्याहत्तरची असेन, आणि ते शिकून जातील तेव्हा शहात्तरची. एवढा हिशेब करून सही केली. देवाला म्हटलं, तू बघ आता.

“व्होंडाला मी स्वतः सांगणार,” हर्शेल म्हणाला. “डीनलाही.”

“हो. ते तुलाच सांगावं लागेल.”

“आणि ओलेटा.” तो चौकटीला धरून उभा होता. “उद्या सकाळी अकरा पेशंट आहेत. त्यांना काही माहीत नाही. मिसेस एस्टेसची मान तर हातांशिवाय बघताच येत नाही. दोन महिने मी नुसतं बघितल्यासारखं करतोय.”

“मी येते,” मी म्हटलं. “उद्या आणि दर सोमवारी. कोणी सापडेपर्यंत.”

दुपारी हॉलमध्ये आम्ही चौघं होतो. हर्शेलने मान खाली न घालता सगळं सांगितलं. डीनचा चेहरा लाल झाला, मग उतरला. ते काही बोलायच्या आत व्होंडा उठली आणि हर्शेलसमोर उभी राहिली. मला वाटलं, आता मारते.

“दोन रात्री रडलेय मी,” ती म्हणाली. “डॉक्टर टॅकेट, माझी दोन्ही पोरं तुमच्या हातांवर जन्मली, म्हणून सोडते. फाइल नेलीत ते नेलीत. पण टेबल खाली करून तरी जायचं होतं!”

हर्शेल हसला आणि मग त्याला चेहरा झाकावा लागला. व्होंडाने त्याला दंडाला धरून बसवलं. तो बसला.

डीनने पत्रं मोजली. दोनदा मोजली. “त्रेसष्ट,” ते म्हणाले. खिशातून किल्ल्या काढून व्होंडाच्या हातात दिल्या. “मिसेस स्कॅग्ज, मी चुकलो.”

“माझंही एक सांगायचं राहिलंय,” व्होंडा म्हणाली. “त्या दिवशी मी तुमच्या खुर्चीत झोपले होते.”

डीन तिच्याकडे बघत राहिले. “लागते का झोप तिच्यात? मला नाही लागत.” मग माझ्याकडे वळले. “डॉ. मॅबरी, उद्या नऊला समितीपुढे तुम्ही हव्यात. ही माणसं तुम्हीच उभी केलीत. प्रश्न विचारतील.”

“उद्या मला जमणार नाही.”

“उद्या? उद्या जमणार नाही?”

“माझं पत्र आहे ना फायलीत. मी काय करते आहे असं त्यांनी विचारलं, तर पेशंट बघते आहे म्हणून सांगा. ते खरं असेल.”

सोमवारचं स्तोत्र लहान होतं. वाचून झाल्यावर मी जाड मोजे घातले, डब्यात दोन बिस्किटं आणि सफरचंद ठेवलं, बॅग उचलली. पिकअपची काच धुक्याने पांढरी झाली होती. हाताने पुसून घेतली. गुडघा दुखत होता, त्याला म्हटलं, चल.

कॉलेजवरून गेले तेव्हा आत दिवे लागलेले होते आणि दाराशी एक लांबलचक पांढरी गाडी येऊन थांबत होती. माणसं कोट सावरत उतरत होती. मी वेग कमी केला नाही. पुढे चौकात सरळ गेलं की माझा दवाखाना. मी डावीकडचा दिवा लावला आणि खोऱ्याच्या वरच्या अंगाला, हर्शेलच्या दवाखान्याकडे वळले. मिसेस एस्टेस नऊला येणार होत्या.